देवळातूनच परत फिरू नका: पिट्सबर्ग तीन दिवसांत नीट कसं बघायचं

न्यू जर्सी, मेरीलँड, ओहायो अशा ठिकाणांहून आमच्या बाजूला येणाऱ्या मराठी कुटुंबांचा एक ठरलेला क्रम असतो. पहाटे निघायचं, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर ५७ नंबरच्या एक्झिटला मनरोव्हिलपाशी उतरायचं, पेन हिल्सच्या टेकडीवर व्यंकटेशाचं दर्शन घ्यायचं, चिंचेचा भात आणि दहीभात खायचा आणि गाडी नायगाराच्या दिशेने वळवायची. शहर तिथून जेमतेम दहा-बारा मैलांवर असतं. ते कुणी बघत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबाही पिट्सबर्ग म्हणजे बालाजीचं देऊळ एवढंच सोबत घेऊन परत जातात.

मी या शहरात अकरा वर्षं राहते आहे आणि या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं. पिट्सबर्ग मोठं नाही. लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. पण नद्या, डोंगर, कोळसा आणि पोलाद यांनी मिळून घडवलेलं असं दुसरं शहर मी अमेरिकेत पाहिलेलं नाही. फक्त ते योग्य क्रमाने बघायला हवं. आधी वरून, मग पाण्याच्या काठाने, मग आत शिरून. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी याच क्रमाने फिरवते, तोच इथे सविस्तर सांगते.

कधी यायचं, कसं फिरायचं

मे मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत या. त्यातही ऑक्टोबरचा मधला पंधरवडा निवडता आला तर उत्तम, कारण शहर टेकड्यांवर वसलेलं असल्याने पानगळीचे रंग बघायला वेगळं कुठे जावं लागत नाही. नोव्हेंबरनंतर आभाळ दिवसचे दिवस करडं असतं, आणि आईबाबांना घेऊन चढउताराच्या बर्फाळ रस्त्यांवर फिरणं बरं नव्हे.

शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस धरा. वार मुद्दाम सांगते आहे, त्याचं कारण पुढे येईल. मुक्काम डाउनटाउन, नॉर्थ शोअर किंवा ओकलंड यांपैकी कुठेही करा. विमानाने येणार असाल तर २८एक्स नंबरची बस विमानतळावरून डाउनटाउनमार्गे थेट ओकलंडपर्यंत आणून सोडते, टॅक्सीची गरज नाही. डाउनटाउन आणि नॉर्थ शोअर यांच्यामध्ये इथली 'टी' नावाची लोकल नदीखालच्या बोगद्यातून जाते. या पट्ट्यात तिला तिकीटच लागत नाही, नुसतं चढायचं आणि उतरायचं.

गाडी चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सिग्नल हिरवा झाला की समोरून डावीकडे वळणाऱ्या पहिल्या गाडीला आधी जाऊ द्यायची इथे रीत आहे. तिला 'पिट्सबर्ग लेफ्ट' म्हणतात. कायद्यात ती बसत नाही, म्हणून तुम्ही स्वतः तसं वळू नका, पण समोरचा वळेल हे लक्षात ठेवून एक क्षण थांबा. दुसरं म्हणजे, नकाशावर जवळ दिसणारी जागा मध्ये नदी किंवा कडा असल्यामुळे बरीच लांब निघू शकते. अॅपमध्ये मैल बघू नका, मिनिटं बघा.

शुक्रवार सकाळ: देऊळ

पूर्वेकडून येणाऱ्यांना देऊळच आधी लागतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. श्री व्यंकटेश्वर मंदिराची प्रतिष्ठापना १९७७ साली झाली. अमेरिकेत पारंपरिक पद्धतीने बांधलेल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांपैकी हे एक. आजूबाजूला अमेरिकन उपनगराची साधी घरं आणि मधोमध उतारावर तिरुपतीच्या धर्तीवरचं पांढरं गोपुर, हे दृश्य हायवेवरूनही दिसतं. खालच्या मजल्यावर उपाहारगृह आहे. शनिवार-रविवारी तिथे लांब रांग असते, म्हणूनही शुक्रवार बरा. दर्शनाच्या वेळा निघण्यापूर्वी बघून घ्या. मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिरही आहे. वेळ असेल तर तेही करा, दोन्ही एकमेकांपासून फार लांब नाहीत.

दुपारी हॉटेलवर जा आणि विश्रांती घ्या. संध्याकाळ महत्त्वाची आहे.

शुक्रवार संध्याकाळ: शहर पहिल्यांदा बघताना

आता थोडा उलटा प्रवास करायला सांगते. पूर्वेकडून आलेल्यांना शहराचं खरं प्रवेशद्वार दिसतच नाही, कारण ते पश्चिमेला आहे. डाउनटाउनमधून आय-३७६ वर पश्चिमेकडे निघा, फोर्ट पिट पूल आणि बोगदा ओलांडून पलीकडे जा, ग्रीन ट्रीच्या एक्झिटला वळा आणि त्याच बोगद्याने परत या. येताना अर्ध्या मैलाहून जास्त अंतर फक्त डोंगराच्या पोटातले पिवळट दिवे दिसतात. आणि मग काहीही पूर्वसूचना न देता बोगदा संपतो, गाडी थेट पुलावर येते आणि समोर नद्या, पिवळे पूल आणि काचेच्या इमारती एकदम उभ्या राहतात. माझे बाबा मागच्या सीटवर पेंगत होते. बोगदा संपताच ते सरळ होऊन बसले आणि म्हणाले, "अगं, हे कुठे लपवलं होतंस?"

गाडी चालवणाऱ्याने मात्र त्या क्षणी दृश्य बघायचं नाही. बोगद्यात जीपीएस गप्प होतो आणि पुलावर आल्याबरोबर लेन फुटतात. आपल्याला कोणती लेन हवी हे बोगद्यात शिरण्यापूर्वीच पाठ करा. चुकलात तर घाबरू नका, दहा मिनिटांत फिरून परत येता येतं.

मग वर जायचं. नदीच्या दक्षिणेला माउंट वॉशिंग्टन नावाचा सुमारे ४०० फुटांचा उभा कडा आहे. याच्या पोटात कोळसा होता, म्हणून पूर्वी याला कोल हिलच म्हणत. खाली गिरण्या आणि कारखाने, वर कामगारांची घरं. थकलेल्या माणसांनी रोज हा कडा चढायचा कसा, म्हणून रुळांवरून तिरके चढणारे डबे बांधले गेले. त्यांना इथे 'इन्क्लाइन' म्हणतात. सप्तशृंगी गडावरची ट्रॉली तुम्ही पाहिली असेल, तत्त्व तेच: एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि दोघे एकमेकांचं वजन तोलतात. एके काळी शहरात असे सतराच्या आसपास होते. आता दोन उरलेत: १८७० चा मनाँगहेला आणि १८७७ चा ड्यूकेन.

तुम्ही ड्यूकेन घ्या. वेस्ट कार्सन स्ट्रीटवर खालच्या स्टेशनाशी गाडी लावता येते. खिशात सुट्टे डॉलर ठेवा, इथे नेमके पैसे द्यावे लागतात. डबा आतून बघा: चेरीच्या लाकडाच्या फळ्या, हाताने कोरलेल्या कडा, वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झालेलं बाक. हे मूळ डबे आहेत, नकला नव्हेत. तीस अंशांच्या चढावर आठशे फुटांचा प्रवास अडीच-तीन मिनिटांत होतो. १९६२ साली ही सेवा बंद पडली होती. वर राहणाऱ्या लोकांनी पैसे गोळा केले, स्वतः हात लावून डागडुजी केली आणि १९६३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. वरच्या स्टेशनात जुन्या फोटोंचं छोटं संग्रहालय आहे. तिथेच यंत्राची खोली बघायला मिळते, ती चुकवू नका. पुरुषभर उंचीच्या चाकाचे दाते लाकडाचे आहेत आणि अजून तेच डबे ओढतात. लोखंडाला लाकूड भिडतं तेव्हा होणारा तो मऊ खडखडाट, तेलाचा वास आणि चाकावरून सरकणारा जाड तारेचा दोर, इथे बाबा वीस मिनिटं उभे होते. ते आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. इंग्रजी कमी समजलं तरी त्या खोलीतलं सगळं त्यांना समजलं.

वेळेचा हिशोब असा ठेवा: सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी वर पोचायचं. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या पुढे मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेसातच्या सुमारास. ग्रँडव्ह्यू अॅव्हेन्यूवर कड्याच्या टोकाशी सज्जे बांधले आहेत. तिथे उभं राहून आधी उन्हात आणि मग दिव्यांत शहर बघायचं. स्वेटर घ्या, वर वारा असतो.

शनिवार सकाळ: स्ट्रिप

शनिवारची सकाळ स्ट्रिप डिस्ट्रिक्टसाठी राखीव. हा जुना घाऊक भाजीबाजार, पेन अॅव्हेन्यूला धरून अर्धा मैल पसरलेला. नऊच्या आधी पोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. १९०२ पासूनचं पेनसिल्व्हेनिया मॅकरोनी कंपनीचं दुकान चीज, ऑलिव्ह आणि पास्त्याने खच्चून भरलेलं असतं. १९१२ पासूनचं होलीजचं मासळीचं दुकान तर कोकणातल्या माणसाला लगेच आपलंसं वाटेल. बर्फावर मांडलेली मासळी, गिऱ्हाइकाची घाई, तोलून कापून देणारे हात. माझ्या सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या. फुटपाथवर फळं, फुलं, भाजलेले मक्याचे दाणे आणि काळे-पिवळे टी-शर्ट विकायला असतात. या शहराच्या फुटबॉल, बेसबॉल आणि आइस हॉकी अशा तिन्ही मोठ्या संघांचे रंग एकच आहेत, काळा आणि पिवळा.

प्रिमँटी ब्रदर्सचं सँडविच इथलंच, १९३० च्या दशकातलं. बटाट्याच्या फ्राइज आणि कोबीची कोशिंबीर बाजूला न देता पावाच्या आतच भरतात. शाकाहारी असाल तर मांस न घालता, फक्त चीज घालून मागा, करून देतात. दोघांत एक पुरतं.

शनिवार दुपार: संगम

स्ट्रिपवरून नदीकाठाने पश्चिमेकडे चालत निघालात तर पाऊण तासात पॉइंटला, म्हणजे नद्या भेटतात त्या टोकाला, पोचता. चालणं होत नसेल तर बस घ्या.

उत्तरेकडून ॲलेगेनी येते, दक्षिणेकडून मनाँगहेला, आणि जिथे त्या भेटतात तिथून ओहायो नदी सुरू होते. आपल्याला संगम नवे नाहीत. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, पण पुढे नाव कृष्णेचंच राहतं. इथे दोघींची नावं टोकाशी संपतात आणि तिसरं सुरू होतं. पाऊस होऊन गेल्यावर आलात तर दोन पाण्यांचे रंगही वेगळे दिसतात, मनाँगहेला गढूळ तपकिरी आणि ॲलेगेनी हिरवट. टोकावर १९७४ साली सुरू झालेलं मोठं कारंजं आहे, पाणी १५० फुटांपर्यंत जातं. हिवाळ्यात बंद असतं.

आणि एक गोष्ट आईला सांगितली तेव्हा तिने हात जोडले. या कारंज्याचं पाणी नद्यांचं नाही. जमिनीखाली, हिमयुगात साचलेल्या वाळू-खडीच्या थरांतून एक मोठा भूजलप्रवाह आहे, त्यातून ते उपसतात. इथले लोक त्याला 'चौथी नदी' म्हणतात. प्रयागला गुप्त सरस्वती मानणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१७५३ मध्ये एकवीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन इथे आला आणि किल्ल्याला जागा योग्य आहे असं त्याने नोंदवलं. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी इथे फोर्ट ड्यूकेन बांधला. १७५८ मध्ये इंग्रजांनी ही जागा घेतली आणि आपले मंत्री विल्यम पिट यांचं नाव दिलं. त्या काळातली विटांची एक छोटी चौकी, १७६४ चं ब्लॉकहाउस, अजून उभी आहे. आत जायला पैसे लागत नाहीत. किल्ले बघत वाढलेल्या मुलांना भिंतीतल्या बंदुकांच्या जंग्या लगेच ओळखू येतात.

संगमावरून ॲलेगेनीच्या काठाने वर या. एकसारखे दिसणारे तीन पिवळे झुलते पूल लागतील. १९२४ ते १९२८ या काळात बांधलेल्या या तीन बहिणी. तिघींना शहराशी नातं असलेल्या माणसांची नावं आहेत: बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटे, चित्रकार अँडी वॉरहॉल आणि रसायनांच्या अतिवापराविरुद्ध लिहिणाऱ्या रेचल कार्सन. क्लेमेंटेच्या पुलावरून चालतच पलीकडे जा. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्यांचं विमान समुद्रात कोसळलं. पलीकडच्या पीएनसी पार्क मैदानाची उजवीकडची भिंत त्यांच्या जर्सीच्या नंबराएवढी, २१ फूट उंच ठेवली आहे. सामन्याच्या दिवशी हा पूल गाड्यांना बंद असतो आणि सगळं शहर पायी मैदानाकडे निघतं. बेसबॉलचं काही कळत नसलं तरी स्वस्तातलं तिकीट काढून दोन तास बसा. स्टँडमधून नदी, पूल आणि इमारतींची रांग समोरच दिसते.

अँडी वॉरहॉल संग्रहालय तिथून जवळ आहे, सात मजल्यांचं. आधुनिक चित्रकलेत रस असेल तर जा, नसेल तर तिकिटाचे पैसे वाचवा. सोबत शाळकरी मुलं असतील तर नॉर्थ शोअरचं सायन्स सेंटर जास्त रमवेल. नदीत उभी केलेली रिक्विन ही पाणबुडी त्यातच बघायला मिळते. आणि मुलांसाठी एक पूर्ण दिवस काढणार असाल तर १८९८ पासूनचं केनीवूड पार्क आहे. तिथला १९२० चा लाकडी रोलरकोस्टर अजून धावतो.

याच दुपारचा दुसरा पर्याय: कॅरी फर्नेस

कारखान्यात आयुष्य काढलेलं कुणी बरोबर असेल, तर मैदान आणि संग्रहालय सोडा आणि इथे या. होमस्टेडच्या समोर, मनाँगहेलाच्या काठावर दोन जुन्या झोतभट्ट्या उभ्या आहेत, ९२ फूट उंच, गंजून लाल झालेल्या. इथलं वितळलेलं लोखंड नदीपलीकडे होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात जायचं. साधारण मे ते ऑक्टोबर मार्गदर्शकासह फिरता येतं. तिकीट आधी काढावं लागतं आणि बंद बूट घालावे लागतात, चपला-सँडल चालत नाहीत.

आपला एक धागा इथे जुळतो. मुंबईचे जमशेटजी टाटा १९०२ साली पोलादाचं तंत्र समजून घ्यायला अमेरिकेत आले, तेव्हा ते पिट्सबर्गचे अभियंते ज्यूलियन केनेडी यांना भेटले. केनेडींनी इथले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या भट्ट्यांवर काम केलेलं होतं. पुढे जमशेदपूरच्या कारखान्याचे आराखडे केनेडींच्याच कंपनीने तयार केले. हे माहीत असलं की त्या थंड भट्टीखाली उभं राहताना वेगळं वाटतं.

रविवार: ओकलंड

कॅथीड्रल ऑफ लर्निंग ही पिट्सबर्ग विद्यापीठाची ४२ मजली, ५३५ फूट उंच इमारत. नाव कॅथीड्रल, पण आत वर्ग भरतात. बांधकाम १९२६ ला सुरू झालं. त्यासाठी पैसे उभे करताना शाळेतल्या मुलांनी एकेक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, देऊन एकेक वीट 'विकत' घेतली. तळमजल्यावरचा चार मजली उंचीचा दगडी कमानींचा हॉल मोफत आहे. विद्यार्थी तिथे अभ्यासाला बसलेले असतात, तेव्हा आवाज खाली ठेवा.

या इमारतीत वेगवेगळ्या देशांच्या परंपरेने सजवलेल्या ३१ खोल्या आहेत. आठवड्यात त्यांत तास चालू असतात, म्हणूनच तीन दिवसांत शनिवार-रविवार हवा असं वर म्हटलं. इथल्या भारतीयांनी उभी केलेली आपली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, तेव्हा आपल्या हिशोबाने दुसरा. कुणालाही वाटेल की ताजमहाल किंवा राजवाडा असेल. पण त्यांनी नालंदा निवडलं. गुलाबी विटांच्या भिंती, विहाराच्या अंगणासारखी रचना, कडेने खांब. देश सोडून आलेल्या लोकांनी दुसऱ्याच्या विद्यापीठात आपली ओळख म्हणून आपलं विद्यापीठ मांडलं. आई त्या बाकावर बसली, तेव्हा फळ्यावर आधीच्या तासाचं कुणाचंतरी अर्धवट पुसलेलं गणित होतं. खोली दाखवण्यासाठी बांधलेली नाही, ती वापरात आहे, हे त्या फळ्यावरून कळतं.

रस्ता ओलांडला की कार्नेगीची दोन संग्रहालयं, कला आणि निसर्गविज्ञान, एकाच तिकिटात. वेळ कमी असेल तर डायनोसॉरचा विभाग आधी करा. १८९९ मध्ये वायोमिंगमध्ये खणून काढलेला डिप्लोडोकस इथे आहे. त्याला कार्नेगींचंच नाव दिलं आणि त्याचे प्लास्टरचे साचे लंडन, बर्लिन, पॅरिसला भेट म्हणून गेले. ज्या सांगाड्यावरून टायरॅनोसॉरस रेक्स हे नाव ठरलं, तो मूळ नमुनाही इथेच. पाय राहिले तर शेन्ली पूल ओलांडून १८९३ च्या फिप्स काचघरात जा. इथल्या गारठ्याला कंटाळलेल्या आईबाबांना केळी, आलं आणि दमट हवेच्या खोलीत घरी आल्यासारखं वाटतं.

परतीच्या वाटेवर: फॉलिंगवॉटर

टर्नपाइकने पूर्वेकडे परत जाणार असाल तर ९१ नंबरच्या डोनेगल एक्झिटला उतरा. तिथून डोंगरातून मिल रनला जायचं. फ्रँक लॉइड राइट यांनी पिट्सबर्गचे दुकानमालक एडगर कॉफमन यांच्यासाठी १९३५ साली आखलेलं, धबधब्यावर बांधलेलं घर तिथे आहे. २०१९ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. कॉफमन यांना धबधबा समोर दिसणारं घर हवं होतं, राइट यांनी घर धबधब्याच्याच डोक्यावर ठेवलं. दिवाणखान्यात काचेचं झाकण सरकवलं की जिना थेट ओढ्यावर उतरतो. तिथे उभं राहिलं की पाण्याचा आवाज पायांखालून येतो.

तिकीट काही आठवडे आधी काढा, शरद ऋतूत तर त्याहूनही आधी. बुधवारी बंद असतं, कडक हिवाळ्यातही. आणि सहा वर्षांखालच्या मुलांना घरात नेता येत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे वाचलंच नव्हतं. पाच वर्षांची भाची बरोबर होती आणि तिच्या आईला बाहेर थांबावं लागलं, पुण्याहून एवढ्या लांब येऊन. तुमच्याबरोबर लहान मूल असेल तर मोठ्यांनी दोन वेगळ्या वेळांची तिकिटं काढा आणि आळीपाळीने आत जा. बाहेरच्या पायवाटेवरून घराचं ते प्रसिद्ध दृश्य मुलांनाही दिसतं. तिथून थोड्याच अंतरावर ओहायोपाइलचे धबधबे आहेत, डबा उघडायला तीच जागा चांगली.